‘खेळून राह्यले ते’ म्हणणाऱ्या मालकांनो, कुत्र्याच्या जातीमागे लपू नका

“सावधान! तुमच्या घरात राक्षस तर पाळला नाही ना?” अशा मथळ्याचा, उद्गारचिन्हांनी भरलेला एक मेसेज सध्या आपल्या विदर्भातल्या ग्रुपांवर फिरून राहिला आहे. गावाचा ग्रुप, बचत गट, भजनी मंडळ, कापसाच्या भावाचा ग्रुप, कुठंच सोडला नाही लोकांनी. खाली “एका डॉक्टरांच्या सौजन्याने” असं लिहिलंय. कोणते डॉक्टर, कुठले, माणसांचे का जनावरांचे, काही पत्ता नाही.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पिटबुल, रॉटवायलर, डॉबरमन हे जन्मतःच खुनी, रक्तातच असतं त्यांच्या. पिटबुलचा जबडा एकदा बसला की लॉक होतो आणि दोन हजार किलोचा दाब पडतो. डॉबरमनचा मेंदू वाढत जातो, कवटी पुरत नाही, म्हणून तो एक दिवस मालकावर उलटतो. सरकारनं २३ जातींवर बंदी घातली आहे, पोलीस घरातून कुत्रं उचलून नेतील. लॅब्राडोर आणि आपला गावठी मात्र कधीच चावत नाही, लेकरं बिनधास्त सोडा. कुत्री आपसात खेळतात, त्यात माणसानं पडू नये, काही झालं तर दोष जातीचा, मालकाचा नाही. आणि सगळ्यात शेवटी हे की घरच्या कुत्र्याचा खेळताना दात लागला तर ते चावणं नव्हेच, सुई घ्यायची गरज नाही, मिरची पूड अन् चुना लावा, विष उतरतं.

एरवी असले मेसेज मी वाचून पुसून टाकते. पण हे शेवटचं वाक्य आर्वीकडच्या माझ्या मावशीनं खरं मानलं, आणि तिच्या नातवाच्या मनगटावर तेव्हा दाताची दोन भोकं होती.

झालं असं की मावशीच्या शेजाऱ्याकडे रॉकी नावाचा लॅब्राडोर आहे. नागपूरहून आणलेला, आणला तेव्हा आईपासून इतक्या लवकर तोडलेला की धड खाताही येत नव्हतं. आता चांगला तीस-पस्तीस किलोचा धोंड झालाय. दिवसभर खांबाला साखळीत, संध्याकाळी मोकळा, म्हणजे दिवसभराचं साचलेलं सगळं अंगातून एकदम बाहेर. मावशीची चिनी म्हणजे गावठी, बारकी, त्याच्या निम्मीसुद्धा नाही. त्या दिवशी दोघं मावशीच्या अंगणात खेळत होते आणि रॉकीचा मालक बाजेवर बसून मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. तो व्हिडिओ त्यानंच मोठ्या कौतुकानं पाठवला होता लोकांना, म्हणून मला पाहायला मिळाला.

सुरुवातीला सगळं बरोबर आहे. रॉकी पुढचे कोपर जमिनीला टेकवून ढुंगण वर करतो, चिनीपण तसंच करते, मग पळापळ, एकदा हा मागं, एकदा ती मागं. मग तो तिला आडवी पाडतो आणि उठूच देत नाही. चिनी उठते, शेपूट पोटाखाली घालते, तोंड दुसरीकडे वळवते, कान मागे जातात. परत पाडतो. ती केकाटते, तरी थांबत नाही. ती बंडीखाली जाऊन लपते तर हा तिथं घुसून मानेच्या कातडीला धरून ओढतो. मावशीचा आवाज येतो, “अरे धर नं त्याले!” आणि मालक हसत म्हणतो, “खेळून राह्यले ते, मावशी. लॅब हाये, गाय हाये गाय.” त्यानंतर मावशीचा नातू, दुसरीतलं पोरगं, चिनीला काढायला बंडीखाली हात घालतो आणि मोबाइल खाली पडतो.

लगेच मालकानं मावशीला तो मेसेज दाखवला. “पाहा, लिवलं हाये, खेळतानाचा दात, सुई नाही लागत.” मावशीनं मिरची अन् चुना लावला. मी दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कामासाठी फोन केला तेव्हा बोलता बोलता निघालं. मी ओरडले तर मलाच म्हणते, “अवं माय, डाक्टरनंच लिवलं हाये नं त्याच्यात!” शेवटी पोराला आरोग्य केंद्रात नेलं, लस सुरू झाली, तिथून सीरमसाठी, म्हणजे रेबीजच्या विषाणूला लगेच अडवणारं जे औषध जखमेत टोचतात त्याच्यासाठी, मोठ्या दवाखान्यात पाठवलं. पोरगं ठीक आहे.

म्हणून मी शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते. बाकीच्या थापांनी माणूस फार तर मूर्ख ठरतो, हिच्यानं जीव जातो.

रेबीजचा विषाणू असतो लाळेत. दात रागानं लागला का लाडानं, घरच्याचा का रस्त्यावरच्याचा, याचा हिशोब लाळ ठेवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं याचे तीन प्रकार केलेत आणि आपल्याकडचे डॉक्टर तेच पाळतात. कुत्र्याला हात लावला, धडधाकट कातडीवर त्यानं चाटलं, तर धुऊन घ्या, लस नको. उघड्या कातडीला दात नुसता लागला किंवा रक्त न येता ओरखडा आला, तर लस. दात कातडीच्या आत गेला, रक्त आलं, किंवा जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली, तर लस आणि शिवाय जखमेत सीरम. या तिन्ही प्रकारांत कुत्र्याची जात कुठं विचारलेली नाही आणि तो खेळत होता का चिडला होता हेही विचारलेलं नाही. लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजचा माणूस जवळपास वाचतच नाही, आणि लक्षणं यायला एक ते तीन महिनेसुद्धा लागतात, म्हणून “काही झालं नाही पाहा” असं आठवडाभरानं म्हणण्याला काही अर्थ नसतो.

“विष उतरतं” म्हणे. विष असेल तर उतरेल नं! साप नाहीये तो. करायचं एवढंच की जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून पंधरा मिनिटं, नळ नसेल तर हापशीवर न्या, एकानं हापसायचं अन् एकानं हात धरायचा. त्यानं विषाणू खरंच कमी होतो. मिरची अन् चुन्यानं जखम भाजते, आतलं मांस आणखी खराब होतं, आणि लेकरू इतकं बोंबलतं की मग कोणी त्या हाताला पाणीसुद्धा लावू देत नाही. म्हणजे जे एक काम घरच्या घरी उपयोगाचं होतं तेच होत नाही.

लोक सुईला भितात त्याचं कारण मला कळतं. आपल्या आजी-आजोबांनी पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेली माणसं पाहिली आहेत. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची, त्रासही व्हायचा, पण ती आपल्या देशात २००४ च्या शेवटी बंद झाली. आता दंडाच्या कातडीत देतात, पहिला दिवस शून्य धरून शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस अशा दिवसांना. सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत. बुडते ती एक दिवसाची मजुरी, आणि मेसेज टाकणारा काही ती भरून देणार नाही हेही खरं.

इथं एक गोष्ट कबूल करावी लागते. “घरचं कुत्रं आहे, आम्ही लक्ष ठेवतो” याला थोडा आधार आहे. चावलेला कुत्रा दहा दिवस डोळ्यासमोर ठेवायचा असतो, तो दहा दिवस ठणठणीत राहिला तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरतात आणि पुढचा डोस द्यायचा का नाही ते डॉक्टर ठरवतात. पण लस पहिल्या दिवशी सुरू करून मग लक्ष ठेवायचं असतं. लस थांबवून कुत्र्याकडे पाहत बसायचं नसतं. रॉकीला रेबीजची लस दिली होती का म्हणून विचारलं, तर मालक म्हणे, “लहानपणी देली होती एक.” दरवर्षी द्यावी लागते भाऊ. कंबरेएवढ्या कुत्र्याचे फोटो काढायला वेळ आहे, पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायला नाही.

आता खेळण्याचा मुद्दा. “कुत्री आपसात खेळतात, माणसानं पडू नये, दोष मालकाचा नसतो.” माझ्या मते या पूर्ण मेसेजमधे सगळ्यात सोयीचं वाक्य हेच आहे आणि म्हणूनच लोक ते फॉरवर्ड करतात. कारण यानं मालक मोकळा होतो. कुत्रं चांगल्या जातीचं असेल तर “खेळत होतं” आणि वाईट जातीचं असेल तर “रक्तातच आहे”. दोन्हीकडे मालक बाजेवरच बसलेला.

कुत्र्यांचा खेळ दांडगाच असतो, गुरगुरणं असतं, तोंडात मान धरणं असतं, ते पाहून नवीन माणूस घाबरतो आणि उगाच काठी घेऊन धावतो, हेही मी पाहिलंय. गुरगुरलं म्हणजे भांडण असं नसतं. पण खेळ कोणता अन् दादागिरी कोणती हे ओळखायला डॉक्टर लागत नाही, मोबाइल खाली ठेवून पाहावं लागतं. खेळ असेल तर अंग सैल असतं, पाठ लवचिक, पळताना वाकडंतिकडं. पाळीपाळीनं होतं, आज हा खाली तर घटकाभरानं ती वर. मोठं कुत्रं लहानासाठी मुद्दाम जोर कमी करतं, स्वतः आडवं पडतं. मधे मधे थांबतात, अंग झटकतात, हुंगतात, परत सुरू. आणि एकानं केकाटलं की दुसरा सोडतो. हे नसलं, म्हणजे एकच कायम वर आहे, दुसऱ्याची शेपूट पोटात आहे, तो लपायला जागा शोधतोय, किंवा मोठ्याचं अंग ताठ झालंय, शेपूट वर कडक अन् नजर एका जागी, की संपला खेळ. शंका असेल तर सोपी परीक्षा आहे. दांडगाई करणाऱ्याला पट्ट्याला धरून बाजूला घ्या आणि दुसऱ्याला मोकळं ठेवा. तो परत याच्याकडेच आला तर त्याला खेळायचं होतं. तो घरात पळाला तर तुम्हाला उत्तर मिळालं. त्या व्हिडिओत चिनीनं हे उत्तर किती वेळा दिलं!

आणि हे करायचं कोणी? मालकानं. चिनीनं नाही, मावशीनं नाही, दुसरीतल्या पोरानं तर नाहीच नाही. “मधात हात कायले घातला” असं नंतर पोरालाच बोलले लोक. अरे, तुमचं कुत्रं तुम्ही धरलं असतं तर त्याला हात घालावा लागला असता का? भिडलेल्या कुत्र्यांच्या मधे हात घालायचा नसतो, हे मोठ्यांना कळायला पाहिजे. पाणी फेका, पोतं टाका, काहीतरी मोठ्यानं आपटा, मागून ओढा, पण तोंडाजवळ हात नाही.

रॉकी असा का झाला यालाही कारणं आहेत आणि त्यातलं एकही “लॅब” या शब्दात सापडत नाही. पिल्लू आठ आठवडे तरी आईजवळ, भावंडांत राहिलं पाहिजे, कारण दात किती जोरानं लावायचा हे ते तिथं शिकतं, जोरात चावलं की भावंड खेळ बंद करतं. आपल्याकडे पिल्लू “लहानच चांगलं, लळा लागते” म्हणून डोळे उघडल्याबरोबर उचलून आणतात. त्यानंतर तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत त्याला माणसं, लेकरं, दुसरी कुत्री, बैल, मोटरसायकल सगळ्याची ओळख पाहिजे, त्याच वयात हे त्याला खांबाला बांधतात. मग पोट्टे येतात, टॉवेल तोंडात देऊन ओढतात, हातानंच गालावर फटके मारून “चाव, चाव” करतात, डुक्कर दिसलं की “छू” लावतात, रस्त्यानं कोणी अनोळखी गेला की “छू” लावतात आणि धावलं की शाबासकी. वर्षभर हा अभ्यासक्रम चालतो. उतारावर ट्रॅक्टर न्यूट्रल करून सोडायचा आणि भिंतीला धडकला की कंपनी खराब म्हणायचं, त्यातली ही गोष्ट आहे.

काही ठिकाणी तर कुत्रं “कडक” व्हावं म्हणून मिरची खाऊ घालतात, अंधाऱ्या खोलीत ठेवतात, ब्लेडनं कान कापतात. त्यानं कुत्रं शूर होत नाही, दुखणं असलेलं अन् भेदरलेलं होतं. आणि भेदरलेलं कुत्रं सगळ्यात आधी चावतं.

कायद्याचं म्हणाल तर “मालकाचा दोष नसतो” हे सरळ खोटं आहे. भारतीय न्याय संहितेत कलम २९१ आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात हेच कलम २८९ होतं, दंड हजार रुपये होता. या कलमात “कोणतंही जनावर” आहे, म्हणजे मारका बैलही आला आणि लॅब्राडोरही आला. गावात शेजाऱ्यावर कोणी केस करत नाही, दवाखान्याचा खर्चसुद्धा मागत नाही, तो भाग वेगळा. मावशीनंही नाही मागितला.

आता उरलेल्या थापा पटपट उरकते.

जबडा लॉक होतो. नाही होत. पिटबुलच्या जबड्यात कुलूप, खिट्टी, स्प्रिंग काही नसतं, बाकीच्या कुत्र्यांसारखीच हाडं अन् तेच स्नायू. तो सोडत नाही याचं कारण त्याला सोडायचं नसतं. दोन हजार किलो तर कुठून आणलं देव जाणे. नॅशनल जिऑग्राफिकच्या ब्रेडी बार यांनी मोजून पाहिलं होतं, तेही मोजक्याच कुत्र्यांवर, तेव्हा रॉटवायलर ३२८ पौंड (म्हणजे दीडशे किलोच्या आतच), जर्मन शेफर्ड २३८ आणि पिटबुल २३५ निघाला होता. म्हणजे आपल्याकडे पोलिसांच्या पथकात असतो तो शेफर्ड आणि हा “राक्षस” जवळपास सारखेच.

डॉबरमनचा मेंदू कवटीत मावत नाही. हे लिहिणाऱ्याच्या कवटीत मात्र बरीच जागा शिल्लक दिसते. पुढं चला.

२३ जातींवर बंदी. इथं अर्धं खरं आहे. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं राज्यांना पत्र पाठवलं होतं, पिटबुल, रॉटवायलर, टोसा, केन कोर्सो वगैरे २३ जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा, आणि ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांनी नसबंदी करून घ्यावी. घरातून उचलून नेण्याचं त्यात नव्हतंच. आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं, दिल्ली उच्च न्यायालयानंही लोकांचं म्हणणं ऐकून घ्या म्हणून परत पाठवलं. एखाद्या महापालिकेचे स्वतःचे नियम असू शकतात, ते आपल्या गावचे आपण विचारून घ्यावे. बाकी नेदरलँडनं १९९३ मधे पिटबुलवर बंदी आणली होती आणि २००८ मधे ती उठवायचं ठरवलं, कारण चावण्याचे प्रकार काही कमी झाले नाहीत.

“जन्मतःच खुनी” हा मुद्दा मात्र थोडा थांबून पाहू, कारण सगळा मेसेज त्याच्यावरच उभा आहे. एप्रिल २०२२ मधे ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अमेरिकेतल्या १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांकडून त्यांच्या वागणुकीबद्दल शंभरएक प्रश्न विचारून माहिती घेतली आणि त्यातल्या २,१५५ कुत्र्यांचा डीएनए तपासला. निघालं काय, तर एका कुत्र्याच्या अन् दुसऱ्या कुत्र्याच्या वागण्यात जो फरक असतो त्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून सांगता येतो. रंग, कान, केस, उंची हे जातीवरून सांगता येतं. स्वभाव नाही. त्यातही भीती वाटली किंवा कोणी डिवचलं तर कुत्रं किती लवकर उलटतं, या बाबतीत तर जात जवळपास काहीच सांगत नाही. माझ्यासाठी एवढा एक अभ्यास पुरे आहे, “एका डॉक्टरांच्या सौजन्याने”पेक्षा बराच बरा.

आता जे खरं आहे ते म्हणून टाकते, नाही तर कोणीतरी खाली लिहीलच. पिटबुलचे पूर्वज बैलांवर सोडायला आणि नंतर कुत्र्यांच्या झुंजीसाठीच तयार केले होते. धरलं की सोडायचं नाही, दुखलं तरी मागं हटायचं नाही, अशी कुत्री निवडून निवडून पैदास केली. त्याचा काहीच अंश उरला नसेल असं मी म्हणणार नाही, आणि तो अभ्यास चावल्यावर जखम किती मोठी होते हे मोजत नाही. चाळीस किलोचं दांडगं कुत्रं चावलं तर पॉमेरेनियनसारखं थोडीच होणार. २०२२ मधे लखनऊला पाळलेल्या पिटबुलनं घरातल्याच म्हाताऱ्या बाईचा जीव घेतला, ते काही अफवा नव्हती. म्हणून ज्याला पट्टा धरता येत नाही, वेळ नाही, आधी कधी कुत्रं पाळलं नाही, त्यानं असलं कुत्रं रीलसाठी आणूच नये. पण पाहा, इथंही प्रश्न मालकाकडेच येतो. आणि आपल्या तालुक्याच्या गावी “पिटबुल” म्हणून जे पंधरा-वीस हजाराला विकतात त्यात अर्ध्यांत पिटबुल किती अन् गावठी किती हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. नुसतं तोंड पाहून जात ओळखण्यात भले भले चुकतात.

याच्याच उलट बाजूची थाप म्हणजे गावठी आणि लॅब चावत नाही. मला तर ही जास्त धोक्याची वाटते. पिटबुल दिसला की माणूस आपोआप सावध होतो, लेकरू मागं ओढतो. लॅब दिसला की लेकरू त्याच्या पाठीवर बसवतात, शेपूट ओढू देतात, जेवताना ताटलीत हात घालू देतात आणि फोटो काढतात. ते कुत्रं तोंड फिरवतं, जांभई देतं, ओठ चाटतं, डोळ्याचं पांढरं दाखवतं, हे सगळं तो “पुरे आता” म्हणत असतो. नाही ऐकलं की गुरगुरतो. गुरगुरला की मार खातो. मार खाऊन खाऊन तो गुरगुरणं सोडून देतो, आणि मग लोक म्हणतात, “काही न करता एकदम चावला बाप्पा!”

गावठीवर माझं प्रेम आहे, आमच्या वावरात जागलीला तीच असतात, रोही अन् रानडुक्कर आलं की धुऱ्यावरून पहिला आवाज त्यांचाच. हुशार, काटक, आजारी कमी पडतात, सगळं खरं. पण फेब्रुवारी २०२३ मधे हैदराबादला चार वर्षांच्या पोराला रस्त्यावरच्या कुत्र्यांनी मारलं, ती काही परदेशी जात नव्हती. दात सगळ्यांनाच असतात. गावठी पाळणाऱ्याची तर आपल्याकडे आणखी एक तऱ्हा, भाकर टाकायची वेळ आली की “आमचं कुत्रं”, कोणाला चावलं की “ते तं गावचं हाये”.

कच्च्या मटणानं रक्ताची चटक लागते, असंही एका ग्रुपवर जोडून आलं होतं. कोणतंही कुत्रं मटण खाऊन माणसाकडे मटण म्हणून पाहत नाही. कच्च्यानं जंत होतात, शिजवून द्या.

हे सगळं मी रॉकीच्या मालकाला फोनवर ऐकवलं तेव्हा तो चिडून म्हणाला, “मंग का बाई, चोवीस तास बांधूनच ठेवू का त्याले?” नाही ना भाऊ. सतत आखूड साखळीत ठेवणं अन् बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हाही गुन्हाच आहे, प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चं कलम ११ काढून पाहा, “छू” लावून झुंजी लावणं पण त्याच्यातच येतं. त्याला सकाळ-संध्याकाळ पट्टा लावून वावरापर्यंत चालवत ने, वासानं शोधायला लाव, दमव. हाक मारली की खेळ सोडून आला पाहिजे हे आधी अंगणात शिकव, हातात भाकरीचा तुकडा ठेवून, तोवर दुसऱ्याच्या अंगणात सोडू नको. खेळायला त्याच्याच तोलाचं कुत्रं पाहा, आणि दर दोन-तीन मिनिटांनी हाक मारून मोकळा दम घेऊ दे. पोट्ट्यांना टॉवेलची ओढाताण बंद कर म्हणा. रेबीजची लस या आठवड्यात, नसबंदीचं तिथंच विचारून घे. आणि चिनीच्या मानेला जी जखम आहे तिचा खर्च तू दे, मावशी मागणार नाही म्हणून मी मागते.

शेवटच्या वाक्यावर फोन कट झाला. लस मात्र दिली म्हणे, मावशी सांगत होती.